डाव्या स्टिअरिंगवरून

मिलिंद, गाडी घरीच होती.

गेल्या काही आठवड्यांत हे एकच वाक्य मी सगळ्यांत जास्त वेळा बोलले असेन. पुण्याहून फोन येतो, पलीकडचं माणूस आधी रडतं, मग जरा सावरतं आणि हळूच विचारतं, "ती लाल गाडीच ना गं?" मी म्हणते, नाही, गाडी घरीच होती. खाली पार्किंगमध्ये, ताडपत्रीखाली. (तू सुधारायचास ते हिंदी 'तिरपाल' म्हटलं नाही, बघ. ऐकत असलास तर तेवढं लक्षात घे.) मिलिंद कंपनीच्या बसची वाट बघत हायवेच्या कडेला उभा होता, रोजच्यासारखा, आणि चुकीच्या बाजूने एक ट्रक आला. गाडीच्या शौकापायी गेला असतास तर लोकांना ते समजून घ्यायला सोपं गेलं असतं. सांगायला एक गोष्ट तरी झाली असती. पण हातात डबा घेऊन मानेसरच्या बसची वाट बघणारा माणूस मरतो, त्याचं काय करायचं हे कुणालाच कळत नाही. मलाही कळलेलं नाही.

हॉस्पिटलवाल्यांनी तुझं सामान प्लॅस्टिकच्या पिशवीत दिलं. त्यात डबा होता, झाकण घट्ट बंद. तुझी सगळी मोडतोड झाली आणि त्या डब्याला पोचासुद्धा आला नव्हता. घरी येऊन उघडला तर भेंडीची भाजी जशीच्या तशी. ती मी टाकली नाही. ओट्यापाशी उभी राहून खाल्ली, पोळ्यांसकट, आणि मग डबा घासून पालथा घातला. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तुला लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. काल गाडी गेली. विकायचा निर्णय माझा, तुझ्या भावाने, विनयने, फक्त गिऱ्हाईक शोधलं. दिल्लीतला माणूस आहे, जुन्या गाड्या जमवतो, आणि त्याची अट एकच होती, "एकदम ओरिजिनल कंडिशन में चाहिए." म्हणजे तू इंजिनला बसवलेला तो हवेचा पाइप काढून कंपनीचा मूळ फिल्टर बॉक्स परत बसवायचा. म्हणजे आपल्या वादाचा निकाल लावायची काल शेवटची संधी होती. आणि योगायोग म्हण, महिना जूनच आहे.

तुला आठवतंय, गाडी आली तेव्हा मी तिला 'उलटी गाडी' म्हणाले होते? चाणक्यपुरीतल्या कुठल्याशा दूतावासातला अधिकारी बदली होऊन चालला होता, त्याची ती दोन दारांची जपानी गाडी, स्टिअरिंग डावीकडे. तू तिच्याभोवती फेऱ्या मारत होतास आणि मला काळजी पडली होती, की या गाडीत डोशाचं पीठ आणि गॅसचं सिलिंडर कुठे ठेवायचं. पहिल्याच दिवशी धौला कुआँला हवालदाराने उजवीकडे येऊन माझ्याकडे लायसन्स मागितलं. मी दोन्ही हात वर करून दाखवले, की भैया, स्टिअरिंग कुठे आहे? तो वाकून आत बघायला लागला आणि तू डावीकडे बसून इतका हसलास की तुला खरं लायसन्स सापडेना.

त्या उजव्या सीटनेच आपल्या संसाराचा खरा कारभार चालवला. सिंगल रस्त्यावर पुढे ट्रक आला की तुला त्याच्या मागच्या फळीपलीकडे काही दिसायचं नाही. समोरून कोण येतंय ते फक्त मला दिसायचं. सोहना रोडवर एकदा मी "जा, जा… नाही, नको, थांब, एक मिनिट" असं काहीतरी बरळले, तू अर्धा बाहेर निघाला होतास आणि समोर हरियाणा रोडवेजची बस. कशीबशी गाडी मागे घेतलीस. मला वाटलं आता ओरडशील. तू पुढच्या ढाब्यावर थांबलास, चहा सांगितलास आणि म्हणालास, "मेधा, दोनच शब्द. 'जा' किंवा 'नको'. आणि एकदा 'जा' म्हटलंस की परत घ्यायचं नाही."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर दोघंही असू ना गाडीत."

तू हे हसत म्हणालास. मला संताप आला होता. आता तर त्या वाक्याचा विचारही करवत नाही.

मग तो इनटेक, इंजिनात हवा जायची वाट. दिवसभर मानेसरच्या कंपनीत गाड्यांचे फिल्टर बनवायचे, संध्याकाळी घरी येऊन पुन्हा फिल्टर. लोकांचे नवरे क्रिकेट बघायचे, माझा नवरा बॉनेट उघडून म्हणायचा, "हिला नीट श्वास घेता येत नाहीये." कंपनीचा काळा बॉक्स आणि त्यातला कागदी फिल्टर तुला नाक चोंदल्यासारखा वाटायचा. तुझा मावसभाऊ शिरीष अमेरिकेहून दिवाळीला येणार होता. मागच्या खेपेला जाताना त्याने इथून चकल्या नेल्या होत्या, येताना तुझ्यासाठी ते धूड आणलं. हातभर लांबीचा चकचकीत अॅल्युमिनियमचा वाकडा पाइप आणि त्याच्या टोकाला लाल कापडाचा फिल्टर, लहान मुलीच्या परकरासारखा चुण्याचुण्यांचा. एअरपोर्टवर कस्टमवाल्याने विचारलं, "ये क्या है?" शिरीष म्हणाला, गाडी का नाक है. त्याचं हिंदी तेवढंच उरलं होतं. कस्टमच्या चौघांनी त्या पाइपातून आळीपाळीने बघितलं आणि सोडून दिलं.

पाइप बसवणं सोपं होतं, ते मीसुद्धा शिकले. एक सेन्सर अलगद काढायचा, दोन क्लॅम्प सैल करायचे, दहा नंबरच्या पान्याने बॉक्स मोकळा करायचा. खरी अडचण उष्णतेची होती. उघडा फिल्टर इंजिनशेजारी बसला की तो इंजिनचीच गरम हवा ओढणार. मध्ये पत्र्याचा आडोसा हवा. एका रविवारी मी कणीक मळायला परात शोधतेय, तर परात नाही. सोमवारी तू फॅक्टरीतून तिचा काटकोनात वाकवलेला आडोसा करून आणलास. माझ्या लग्नातली परात! मी तुला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तू शांतपणे तो पत्रा माझ्यासमोर धरलास. "नाव राखलंय, बघ." राखलं होतंस खरं. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं पत्र्याच्या बरोब्बर मधे, 'चि. सौ. कां. मेधा हिस आत्याकडून सप्रेम भेट'. त्यानंतर कुणीही बॉनेट उघडायला सांगितलं की तू अभिमानाने दाखवायचास. "जगात कुठल्या स्पोर्ट्स कारला आत्या आहे? आपल्या गाडीला आहे."

आणि मग ती टेस्ट. तुझी टेस्ट म्हणजे सत्यनारायणाची पूजा, सगळं यथासांग. पाइप यायच्या आधीची टेस्ट आपण जूनमध्येच करून ठेवली होती. आपल्या घरामागच्या नव्या सेक्टरात रस्ते झाले होते, घरं व्हायची होती. दोन्ही बाजूंना बाभळी आणि बिल्डरांच्या पाट्या. तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसपासून शंभरपर्यंत किती वेळ लागतो ते मी स्टॉपवॉचवर घ्यायचं, वाऱ्याचा फरक पडू नये म्हणून एकदा जाताना, एकदा येताना. एसी बंद, कारण एसी इंजिनवर भार टाकतो. काचा बंद, कारण उघड्या काचा हवा अडवतात. बाहेर लू वाहत होती. त्या भट्टीत बसून मी आकडे वाचत होते आणि माझा कुडता पाठीला चिकटला होता.

पाइप बसवल्यानंतरची टेस्ट डिसेंबरात झाली. धुकं निवळायची वाट बघत आपण थर्मासमधला चहा प्यायलो. गाडीने असा काही आवाज काढला की बाभळीवरचे पक्षी उडाले, आणि वेळ खरोखरच कमी आला, चांगला कमी. तू भर रस्त्यात गाडी थांबवलीस, उतरलास आणि नाचलास. तुझ्यासारखा ताठ माणूस, ज्याला गणपतीच्या मिरवणुकीतही कुणी नाचताना पाहिलं नाही. ऑफिसात पेढे वाटलेस. लोकांना वाटलं मुलगा झाला.

मीच तो आनंद फार दिवस टिकू दिला नाही. त्याची मला खंत नाही, आपल्या घरात खरं बोलायची पद्धत होती. मी दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात वाढलेली. थंडी पडली की बाबा त्यांच्या स्कूटरबद्दल म्हणायचे, जाडे में पळते बघ कशी, एकदा सुरू झाली की. तुझा स्वेटर धुवायला काढताना मला एकदम ते आठवलं.

"मिलिंद, पहिल्या टेस्टला मी घामाने निथळत होते आणि दुसऱ्या टेस्टला तुझा स्वेटर घालून बसले होते. पाइपने काय दिलं आणि थंडीने काय दिलं, कसं कळणार?"

तू चहाचा कप ओठांपर्यंत नेऊन तसाच धरून ठेवलास. थंड हवा दाट असते, दाट हवेत इंजिन जोर धरतं, हे तू नव्या पोरांना फळ्यावर शिकवायचास. पण तू पुण्याचा. तुमच्याकडे डिसेंबरातही दुपारी पंखा लागतो. एकाच रस्त्यावर जून आणि डिसेंबर म्हणजे दोन निराळ्या हवा, हे तुझ्या डोक्यात बसलंच नव्हतं. शेवटी तू म्हणालास, "तरी थोडं पाइपचं असणारच."

"फक्त आवाज वाढलाय, गाडी नाही वाढली."

"अगं, मला पायाखाली कळतं ना!"

"पायाखाली नाही, कानाखाली."

"चल, जूनमध्ये बघू. एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, आधी पाइप, मग बॉक्स."

तो जून आलाच नाही. एका जूनमध्ये रस्ता केबलसाठी खणला, एका जूनमध्ये तुझ्या आईचं ऑपरेशन, एका जूनमध्ये माझ्या ऑफिसात अमेरिकेच्या वेळेनुसार काम. 'जूनमध्ये बघू' हा आपल्या घराचा वाक्प्रचारच झाला. गीझर बदलायचा? जूनमध्ये बघू. पुण्याला परत जायचं? दोन वर्षांसाठी म्हणून आलो होतो ना? जूनमध्ये बघू. डॉक्टरबाईंनी आपल्या दोघांना सांगितलेल्या तपासण्या, त्याही जूनमध्ये. ते म्हणताना आपण दोघंही हसलो नव्हतो. मी तुझ्याकडे बघितलं नाही आणि तू माझ्याकडे. मिलिंद, गाडीचा निकाल लागला नाही तर काही बिघडत नव्हतं. पण आपण सगळंच त्या एका महिन्यावर ढकलत गेलो, आणि माझ्या हातात आता नुसता जून उरला आहे. मला तुझा राग येतो. माझाही येतो, पण तुझा जास्त, कारण तू इथे भांडायला नाहीस.

त्या सकाळी बूट घालताना तू म्हणालास, "या जूनमध्ये करूच. पाइपच जिंकणार, लिहून घे." मी आतून ओरडले, "डबा घेतलास का?" एवढंच आपलं शेवटचं बोलणं.

तर काल. विनय चार दिवसांपूर्वी आला होता. मी त्याला म्हटलं, गाडी द्यायच्या आधी मला एक काम आहे, तू फक्त शेजारी बस आणि हे स्टॉपवॉच धर. बिचारा काही न विचारता बसला. बॉक्स आणि पाने डिकीत घेतले. मी डावीकडे बसले. ही गाडी मी सोसायटीच्या फाटकाबाहेर कधी काढली नव्हती. तू किती वेळा म्हणायचास, एकदा इकडे बसून बघ, आणि मी म्हणायचे मला माझी जागा बरी आहे.

आपला रस्ता राहिलेला नाही, मिलिंद. बाभळी गेल्या. दोन्हीकडे टॉवर उठताहेत आणि रस्ताभर रेतीचे डंपर, विटांच्या ट्रॉल्या, डोक्यावर घमेली घेतलेल्या बाया. तिसऱ्या गिअरमध्ये पन्नासच्या वर जाता येईना. मी तीनदा वळून परत आले. विनय स्टॉपवॉच हातात धरून बसला होता, शेवटी म्हणाला, "वहिनी, नक्की काय मोजायचंय?" मी एका अर्धवट इमारतीच्या सावलीत गाडी लावली आणि म्हटलं, राहू दे, आता बॉक्स बसवून टाकू.

ते काम मी केलं. सेन्सर, दोन क्लॅम्प, दहा नंबरचा पाना. इंजिन तापलेलं होतं, मनगट भाजलं. पाइप बाहेर आला, लाल फिल्टरवर बोटभर धूळ. आडोसा काढून विनयच्या हातात दिला तर तो वाचत राहिला, "आत्याकडून सप्रेम…" आणि मग रस्त्याच्या कडेला, कामगारांसमोर, तुझा भाऊ तो पत्रा पोटाशी धरून रडला. तुला नेलं तेव्हा रडला नव्हता. मी त्याला पाणी दिलं. तो पत्रा मी ठेवून घेतलाय, पाइप त्या गिऱ्हाइकाला हवा होता, तो संध्याकाळी गाडीबरोबर दिला. ओरिजिनल पाहिजे म्हणतात आणि सगळंच मागतात.

बॉक्स बसवून गाडी सुरू केली आणि ती गप्पच झाली. तो डरकाळीसारखा आवाज, ज्याच्यावरून मी तुला इतकी वर्षं चिडवलं, तो नव्हता. मला ते अपेक्षितच होतं, तरी मी एकदा विनयला विचारलं, सुरू आहे ना रे?

परत येताना सोहना रोडला लागलो आणि पुढे रोडीने, म्हणजे खडीने, भरलेला ट्रक आला. बैलगाडीच्या गतीने चालला होता, मागे धूळ उडवत. सवयीने मी वाट बघायला लागले. कशाची, ते आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग मान वाकडी करून बघितलं, खिडकीकडे सरकून बघितलं, पुन्हा उजवीकडे झुकले. मिलिंद, डावीकडून काहीही दिसत नाही रे. काही म्हणजे काहीच नाही. फळी, साखळी आणि 'हॉर्न प्लीज'. मला वाटायचं तुला थोडंफार दिसत असणार, माझं बोलणं फक्त खात्रीसाठी असणार. तुला दिसत नव्हतं. इतकी वर्षं, जयपूरला, आग्र्याला, दर रविवारी या रस्त्यावर, तू आंधळा होऊन बाहेर निघायचास. मी नुसतं 'जा' म्हटलं की तू अॅक्सिलरेटर दाबायचास. एकदाही वळून विचारलं नाहीस, नक्की ना? एरवी प्रत्येक गोष्ट दोनदा मोजणारा तू. वेळेचा आकडा जाताना वेगळा आणि येताना वेगळा घेणारा तू. माझा शब्द मात्र तू कधी तपासून पाहिला नाहीस, आणि मी तुला त्यासाठी कधी काही म्हटलं नाही, कारण मला ते ठाऊकच नव्हतं.

विनय उजवीकडे पुढे झुकला. त्याला दिसत होतं.

"वहिनी, मोकळा आहे रस्ता. जा."

खरंच मोकळा असणार. विनय खोटं कशाला सांगेल? माझा पाय अॅक्सिलरेटरवर होता. तो दाबला गेला नाही.

"जा ना, वहिनी. कुणी नाहीये समोर."

मी गेले नाही. काचा वर घेतल्या आणि त्या ट्रकच्या मागे, त्याच्या धुळीत, घरापर्यंत आले.